कॅथेटर-उपचारानंतरचे धमनीविदरण : वैद्याने काय पाहावे?

अँजिओग्राफी वा अँजिओप्लास्टी करून घरी परतलेला रुग्ण थोड्याच दिवसांत ‘पाय दुखतो, तेल लावून द्या’ म्हणून आपल्याकडे येतो. अशा वेळी धमनीविदरण, अर्थात डिसेक्शन, हा उपद्रव वैद्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे. (‘धमनी’ हा शब्द आम्ही येथे आधुनिक अर्थाने योजीत आहोत, संहितोक्त धमनी याहून व्यापक आहे.)

धमनीची भित्ती तीन स्तरांची असते. कॅथेटरचे टोक, तार अथवा फुगा यांमुळे आतील स्तरास चीर पडते, रक्त चिरेवाटे भित्तीत शिरते आणि स्तर परस्परांपासून सुटू लागतात. सुटलेला पापुद्रा आत झुकून रक्ताची वाट अडवितो. वस्तुतः फुग्याने मार्ग रुंदावताना अल्पशी चीर पडतेच. ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झ्युरिक येथे हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली; त्यानंतर कित्येक वर्षे ही चीर वाढून धमनी अकस्मात बंद पडण्याचीच धास्ती असे. १९८६ पासून स्टेंट आला. तो पापुद्रा भित्तीशी दाबून धरतो. हृदयाच्या धमनीतील विदरण बहुधा त्याच वेळी पडद्यावर दिसते व तेथेच त्यावर उपाय होतो. धमनीच्या मुखाशी पडलेली चीर मात्र क्वचित महाधमनीत पसरते.

आपला संबंध अधिक येतो तो प्रवेशमार्गाशी. आता मनगटाचा मार्ग रूढ झाला असला तरी जांघेचा मार्ग सुटलेला नाही. ऊरुमूली सुश्रुताने लोहिताक्ष हे सिरामर्म सांगितले आहे. रक्तक्षयाने अंग विकल होते हा त्याचा अभिप्राय येथे अक्षरशः पटतो. जांघेतून वर जाणाऱ्या तारेने पडलेली चीर रक्तप्रवाहाच्या उलट दिशेची असल्याने पुष्कळदा प्रवाहाच्याच दाबाने मिटते. न मिटल्यास पाय गार व फिकट पडतो, मुंग्या येतात, चालताना पोटरी धरते. यासच गृध्रसी समजून स्नेहन-स्वेदन आरंभिले तर मोलाचा वेळ जातो. म्हणून दोन्ही पावलांच्या नाड्या व स्पर्श ताडून पाहावेत. एका बाजूची नाडी क्षीण वा लुप्त असल्यास मर्दन, शेक काहीही न करता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे. जांघेत स्पंदन पावणारी गाठ असल्यास, अथवा छाती-पाठीत एकाएकी फाटल्यागत वेदना उठल्यास हेच करावे.

स्टेंट बसविलेल्या रुग्णाची रक्त गोठू न देणारी औषधे आपल्या सल्ल्याने कदापि बंद करू नयेत. ती चालू असता लसूण, गुग्गुळ यांचे मोठे प्रयोगही टाळावेत.