आधी चिप, मग सुई

तारखांचा घोळ झाला म्हटलं की लोक माझ्याकडेच बघतात, म्हणून आधीच सांगते: मी विचारलं होतं. दवाखान्याच्या टेबलावर गुंड्याला, आमच्या बोक्याला, दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं तेव्हा विचारलं होतं, "डॉक्टर, मायक्रोचिप आधी की रेबीजची लस आधी?" "काही फरक पडत नाही मॅडम, दोन्ही झालं म्हणजे झालं." चिप संपल्या होत्या, नवा माल यायचा होता. लस टोचून मोकळे झाले. चिप पुढच्या फेरीला.

फरक पडतो. आम्हाला स्टुटगार्टला जायचं होतं, आणि युरोपीय संघाचा नियम असा की रेबीजची लस चिप बसवल्यानंतर किंवा फार तर त्याच दिवशी दिलेली हवी. कारणही सरळ आहे. चिप नसलेल्या मांजराला लस दिली, तर ती याच मांजराला दिली हे कशावरून?

हे मला कळलं ते कागदपत्रं करून देणाऱ्या बाईंच्या फोनवर. लसीकरणाच्या पुस्तकाचा फोटो पाठवला होता, पाठोपाठ फोन आला. "मॅडम, चिपची तारीख लसीच्या नंतरची आहे. ही लस धरता येणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिलीच नाही असं समजायचं. आणि त्या लसीवर केलेली रक्ततपासणी पण गेली."

तपासणीचा अहवाल समोरच पडला होता. मिलिलीटरला किमान ०.५ युनिट प्रतिपिंडं लागतात, आमच्या बोक्याची कितीतरी जास्त. अंगात सगळं ठणठणीत, कागदावर शून्य.

दवाखान्यात गेले. वाटलं, निदान "चुकलं" म्हणतील. डॉक्टर हसले. "एवढंच ना? पुस्तकातली तारीख बदलून देतो. शिक्का माझाच आहे." मी बघतच राहिले. चिपच्या बिलावर तारीख वेगळी, दवाखान्याच्या नोंदीत वेगळी, आणि पुस्तकात तिसरीच. विमानतळावर कागद जुळले नाहीत तर तिथले अधिकारी जनावर परत पाठवू शकतात, मालकाच्या खर्चाने विलगीकरणात ठेवू शकतात, आणि दुसरा उपायच उरला नाही तर त्याला मारूही शकतात. शिक्का डॉक्टरांचा, जीव गुंड्याचा. नाही म्हटलं. मग दुसऱ्या लसीचं बिल पूर्ण लावलं, एक रुपया कमी नाही. पावती जपून ठेवली आहे.

पुन्हा लस. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त. रक्त घेतल्यापासून ३ महिने पुरे झाल्याशिवाय प्रवास नाही, कारण भारत युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत नाही. नवरा पुढे गेला, मी आणि बोका मागे. "मांजरासाठी संसार खोळंबला" हे सासूबाईंनी येईल त्या पाहुण्याला सांगितलं. डॉक्टरांचं नाव मात्र त्यांनी एकदाही घेतलं नाही.

तुम्हाला परदेशी जायचं असो वा नसो, चिप आधी बसवून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सुईने जाते. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ आकडी क्रमांकाचीच घ्या. टोचण्याआधी पाकिटातली चिप स्कॅनरवर वाचायला लावा, टोचल्यावर मांजराच्या अंगावर पुन्हा. क्रमांकाचं स्टिकर पुस्तकात, शेजारी तारीख आणि सही, तुमच्या डोळ्यांदेखत. रक्त घेतानाही आधी चिप वाचली गेली पाहिजे, अहवालावर तोच क्रमांक आला पाहिजे, आणि प्रयोगशाळा युरोपीय संघाच्या मान्यतेची हवी. कागदांच्या प्रती काढून ठेवा, हे काय सांगायचं.

चिपमध्ये बॅटरी नसते, जीपीएस नसतं. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना वाटतं की मांजर कुठल्या गच्चीवर आहे ते मोबाइलवर दिसतं. दिसत नाही. स्कॅनर जवळ नेला की नुसता क्रमांक दिसतो, आणि त्या क्रमांकापुढे तुमचं नाव कुठे नोंदलेलं नसेल तर सापडलेलं जनावर कुणाचं हे कुणालाच कळत नाही. आमच्या दवाखान्यात विचारलं, नोंद कुठे केली? "आमच्या रजिस्टरमध्ये." ते रजिस्टर रात्री कपाटात, रविवारी कुलपात. ज्या नोंदणी यादीत इतरांनाही शोधता येतं तिथे क्रमांक स्वतः घाला, आणि मोबाइल नंबर बदलला की तिथेही बदला. जर्मनीत टासो नावाची संस्था ही नोंद फुकट करते. आल्यावर पहिलं काम ते केलं.

नोंदीवरून आठवलं, पुणे महापालिकेने २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांनाही परवाना लागू केला तेव्हा शेजारच्या काकांनी "आता उंदरांनाही काढा" असा विनोद केला होता. करू देत. परवाना काढा.

आणि एक. रक्ततपासणी एकदा पास झाली की पुन्हा लागत नाही, पण पुढची प्रत्येक लस आधीच्या लसीची मुदत संपण्याआधी दिलेली हवी. एका दिवसाचा खंड पडला तरी सगळं पहिल्यापासून. तेव्हा मुदतीची तारीख दवाखान्यावर सोपवू नका. आजच स्वतःच्या कॅलेंडरवर लिहा.