ताडोब्याच्या होमस्टेत ट्रेडमिल कशाला?

मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांच्या आसपास होमस्टे काढणाऱ्याला हल्ली कुणीतरी ‘एक छोटं जिम टाका, भाडं वाढेल’ असं सांगतंच. सांगणारा बहुधा जिमचं सामान विकत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की जंगलालगतच्या घरात मोटर असलेलं व्यायामाचं एकही यंत्र ठेवू नये. आधी पाहुण्याचा दिवस बघा. सफारीला आलेला माणूस अंधारात उठतो, उजाडताना गेटवर असतो, चार तास जिप्सीत हादरे खातो, जेवून घटकाभर पडतो आणि दुपारी पुन्हा निघतो. परततो तेव्हा दिवस बुडालेला असतो आणि अंगभर धूळ असते. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना मधल्या दोन तासांत पट्ट्यावर कोण धावणार? खरी सवड मिळते ती मंगळवारी, किंवा १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात, कारण तेव्हा कोअर बंद असतो. पण तेव्हा पाहुणेही मोजकेच असतात.

यंत्राचं आयुष्यही इथल्या हवेत वेगळं जातं. उन्हाळ्यात खोलीत कूलर लागतो, म्हणजे ऐन कोरड्या दिवसांतही लोखंडाला ओलसर हवा मिळते. पावसाळ्यात फोमला बुरशी, प्लायच्या बाकाला वाळवी आणि वायरींना उंदीर. बारीक माती पट्ट्याखाली गेली की घर्षण वाढतं, मोटरवर ताण येतो, आणि वरून वीज कमीजास्त झाली की कंट्रोल बोर्ड जातो. पंखे-दिवे चालवणाऱ्या साध्या इन्व्हर्टरला तो भार पेलत नाही. मेकॅनिक नागपूरहून यायचा, म्हणजे चंद्रपूरपर्यंतच दीडशे किलोमीटर. गडचिरोलीत आलापल्ली-भामरागडकडे घर असेल तर त्याची वाटच बघू नका.

सगळ्यात मोठी चलाखी मात्र वॉरंटीच्या कार्डावर असते. घरगुती ट्रेडमिलच्या अटींत बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की व्यावसायिक वापर झाल्यास वॉरंटी लागू नाही. भाडं देणारा पाहुणा त्यावर चालला की तो व्यावसायिक वापरच झाला. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. पावती फाडताना ‘होमस्टे म्हणजे घरच ना साहेब’ म्हणणारा तोच माणूस बोर्ड जळल्यावर ‘होमस्टे म्हणजे धंदा झाला ना’ म्हणतो, आणि वर शांतपणे वार्षिक देखभालीचा करार पुढे करतो. या बेरकीपणाचा मला राग येतो. म्हणून ‘पाहुण्यांच्या वापरासाठी’ हे शब्द पावतीवरच लिहून मागा. तो लिहायला टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळालं. अश्वशक्तीचंही तसंच. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ४ एचपीचा आकडा बहुधा क्षणभराच्या कमाल जोराचा असतो, सतत किती जोर मिळतो ते विचारा. किमतीची घासाघीस कराच, ते काही सांगायला नको.

यावर कुणी म्हणेल, बुकिंगच्या ॲपवर ‘जिम’ची खूण असली की लोक थांबून बघतात. बघत असतील. पण जंगलात जिम नाही म्हणून कुणी रुसत नाही. जिम लिहून बंद यंत्र दाखवलं की मात्र तो शेरा कायमचा चिकटतो. शिवाय इथे कुटुंबं येतात, लेकरं येतात. अमेरिकेत २०२१ साली पेलोटन कंपनीला एका मुलाच्या मृत्यूनंतर ट्रेड प्लस हे यंत्र बाजारातून परत बोलवावं लागलं होतं. तिथे निदान जाब विचारायला यंत्रणा होती, आपल्याकडे पाहुण्याचा बाप सरळ घरमालकाची कॉलर धरेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार वाटतो: मग नगरपालिका बागेत बसवते तसं उघड्यावरचं जिम अंगणात टाका, ना मोटर ना वीज. बफरमध्ये हा सल्ला धोक्याचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाचे हल्ले अनेकदा मोहफूल किंवा तेंदूपत्ता गोळा करायला वाकलेल्या, बसलेल्या माणसांवर झाले आहेत. पहाटे कुंपण नसलेल्या अंगणात चटईवर ओणवा झालेला पाहुणा नेमका त्याच अवस्थेत असतो. बिबट आणि अस्वल तर गावाशेजारीही फिरतात. व्यायामाची जागा जाळी लावलेल्या व्हरांड्यातच हवी, आणि तिथे दिवा हवा.

तर मग ठेवायचं काय? जिप्सीने आखडलेली कंबर मोकळी होईल असं. पुसता येणाऱ्या जाड चटया, पाठीखाली फिरवायचा फोमचा रोलर, ताणायचे रबरी पट्टे, रबराचं आवरण असलेले हलके डंबेल, आणि भिंतीत नीट गाडलेला एक बार, जो गवंड्याकडूनच बसवून घ्यावा. रबरी पट्टे उन्हाने चिरतात, तेव्हा दर हंगामाला बदला, तुटलेला पट्टा तोंडावर बसतो. मुद्गलाची एक हलकी जोडीही ठेवता येईल. १९१४ साली सुरू झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम दाखवायला गेलं होतं, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला मुद्गल हातात घेऊन फोटो काढायला आवडतंच. फक्त वर छताचा पंखा नको आणि शिकवणारा कुणी शेजारी हवा, नसेल तर ती जोडी भिंतीवरच राहू द्या.

ट्रेडमिल आधीच येऊन पडली असेल तर वापर नसताना प्लग काढून सुरक्षा-किल्ली कपाटात ठेवा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत ती विकून टाका. गंज दिसू लागला की भाव अर्ध्यावर येतो, आणि ज्याने विकली तो परत घेत नाही.