घोडीला हात लावण्याआधी

माझा मिरजेचा तानपुरा एका पावसाळ्यात घुमेनासा झाला. पंचम बरा होता, पण जोड नुसती टणटणायची आणि खर्ज करकरायचा. घोडीवर तारांखाली बारीक चरे दिसत होते. मी तारा उतरवल्या, पॉलिश पेपर घेतला आणि घोडी घासून सपाट, गुळगुळीत केली. पुन्हा तारा चढवल्या, तर वाद्य मुकंच झालं.

घोडी सपाट दिसते, पण नसते. खुंट्यांच्या बाजूला तिला डोळ्यांनी जेमतेम कळेल इतका गोलसर उतार असतो. तार हलते तेव्हा त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटत जाते आणि एका स्वरातून वरचे स्वर उमलत राहतात; हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तानपुऱ्याच्या या गुणावर शोधनिबंध लिहिला होता. मी नेमका तो उतारच खाऊन टाकला होता.

मिरजेच्या कारागीर चाचांनी घोडीवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग तार छेडायची, ऐकायची, बाजूला सारायची, कानशीचे दोन हलके हात, पुन्हा तार जागेवर. एका जोडीच्या तारेलाच तास गेला. चारही तारांची जागा वेगळी, म्हणून जवारीही प्रत्येकीची वेगळी काढावी लागते.

तेव्हा आवाज बसला की आधी तारा बदला. जुनी, गंजलेली तार चांगल्या जवारीवरही बोलत नाही. मग घोडीवर तारेखाली घातलेलं सूत केसभर मागेपुढे करून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं, आणि हे घरी करायला हरकत नाही. तरीही जमलं नाही तर कारागिराकडे जा. जाताना आपली पट्टी सांगा, खुली जवारी हवी की बंद तेही सांगा, आणि शक्यतो स्वतः समोर बसून गा. काळी एकला काढलेली जवारी काळी चारला तशीच बोलेल, असं धरून चालू नका. पुढे तारा बदलाल तेव्हा त्याच जाडीच्या घ्या.

निघताना चाचा म्हणाले, "या घोडीत अजून चार-पाच जवाऱ्या निघाल्या असत्या. आता दोन निघतील." तेव्हापासून पॉलिश पेपर मी घरात ठेवलेला नाही. तानपुऱ्याच्या गवसणीत सुताची छोटी रीळ मात्र कायम असते.