वडिलांच्या फाईलमधला जुना चेक

प्रश्न : वडिलांच्या मेडिक्लेमचा २०१९ सालचा चेक जुन्या कागदांत सापडला. वडील आता नाहीत. पैसे बुडाले का?

उत्तर : नाही. बाद झालाय तो चेक, रक्कम नव्हे. चेकची मुदत तारखेपासून फक्त तीन महिने असते, त्यामुळे तो बँकेत टाकू नका. परत येईल, वर शुल्क कापलं जाईल ते वेगळंच. विमा कंपनीच्या वेबसाइटवर दावा न केलेल्या रकमा शोधायची सोय असते. तिथे वडिलांचं नाव, जन्मतारीख, पॉलिसी क्रमांक टाकून पाहा. मग कंपनीला लेखी अर्ज द्या. सोबत मूळ चेक, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं ओळखपत्र, रद्द केलेला चेक. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका! नॉमिनी नसेल तर वारसाचे कागद लागतील, तिथे वेळ जातो.

दहा वर्षं कुणी मागितली नाही, तर ही रक्कम केंद्राच्या ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. त्यानंतरही २५ वर्षं ती मागता येते, अर्ज मात्र विमा कंपनीकडेच करायचा. कंपनीने टाळाटाळ केली तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.