गरोदरपणातलं वजन: पोटाकडे नको, काट्याकडे बघा

‘पाचवा लागला तरी हिचं पोट दिसत नाही, बाळ वाढतंय ना?’ असं एक सासूबाई विचारतात. त्याच दिवशी दुसरीची आई हळूच सांगते, ‘डॉक्टर, हिला जरा कमी खायला सांगा, बाळ मोठं झालं तर सिझर करावं लागेल.’ दोघींची काळजी खरी आहे. पण दोघीही पोटाकडे बघून बोलत असतात. मी मात्र आधी फाइलचं पहिलं पान उघडते आणि दिवस राहण्याआधीचं वजन शोधते. तो रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो.

आई गरोदरपणात किती किलोंनी वाढली, याला महत्त्व आहेच. पण ती मुळात किती वजनाने सुरुवात करते, यावर पुढचं बरंच ठरतं. किती वाढायला हवं, हेही त्यावरूनच ठरतं. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर साधारण 43 किलोच्या खाली बारीक, 43 ते 53 ठीक, त्यावर जास्त आणि 58 च्या पुढे लठ्ठ. आकडे कडक वाटतील. पण आपल्याकडे कमी वजनावरही पोटाभोवती चरबी साठते आणि साखर वाढते, म्हणून भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 25 ऐवजी 23 वर ओढली आहे.

वसईच्या माणिकपुरात मला दोन्ही टोकं एकाच दिवशी भेटतात. वसई रोडहून सकाळची लोकल पकडणारी मुलगी चहा-बिस्किटावर निघते, दुपारी डबा अर्धा संपवते, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव खाते आणि तिचं वजन 66 असतं. तिच्याच इमारतीत चार घरची धुणीभांडी करणारी असते 39 किलोची. महाराष्ट्रात 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत साधारण पाचातली एक बाई कमी वजनाची होती आणि जास्त वजनाच्या बायका त्याहून थोड्या अधिकच. आमचा पालघर जिल्हा म्हटलं की लोकांना जव्हार-मोखाड्याचं कुपोषण आठवतं. रेल्वेलगतच्या या पट्ट्यातला लठ्ठपणा आणि साखर मात्र कोणी मोजत बसत नाही.

बारीक आईची गोष्ट आपल्या पुण्यात फार नीट अभ्यासली गेली आहे. तिथल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 च्या सुमारास पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांवर काम सुरू केलं. या आयांचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास आणि बाळं 2.7 किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत ही बाळं लहान होतीच, पण त्यांचे स्नायू आणि अवयव जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. दिसायला काटकुळं, आतून चरबीचं; पुढे मधुमेहाकडे झुकणारं. आणखी एक गोष्ट कळली. पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात वारंवार होतं, त्यांची बाळं वजनाने बरी होती. पाणी आणणं, शेतात राबणं अशी अंगमेहनत जास्त करणाऱ्यांची बाळं लहान होती. तेव्हा ‘आमच्या वेळी शेवटपर्यंत विहिरीचं पाणी भरलं’ हे अभिमानाने सांगणाऱ्या आजींना मी नमस्कार करते आणि सुनेच्या हातातली बादली काढून घ्यायला सांगते.

मुंबईच्या वस्त्यांत पुढे यावरच प्रयोग झाला. बायकांना दिवस राहण्याआधीपासून पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला. गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण सुमारे 12 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलं. बाळाच्या वजनाचा फायदा मात्र मुख्यतः ज्यांनी तीन महिने आधीपासून खाल्लं त्यांना दिसला. म्हणूनच लग्नानंतर पाळी चुकायची वाट न बघता भेटायला या, असं मी सांगते. फॉलिक अॅसिडची गोळीही तेव्हाच सुरू व्हायला हवी.

आता जास्त वजनाच्या आयांबद्दल. त्यांच्यात साखर वाढते, रक्तदाब चढतो, सोनोग्राफीत बाळ नीट दिसत नाही, कळा रेंगाळतात, बाळाचे खांदे अडकण्याची भीती असते, सिझरची शक्यता वाढते, टाके भरायला वेळ लागतो, पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात. यादी ऐकून घाबरू नका. यातलं बरंच काही वेळेत हेरलं तर आवरता येतं. साखरेची 75 ग्रॅम ग्लुकोजवाली चाचणी पहिल्याच भेटीत करा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करा. दोन तासांनी 140 किंवा त्यावर आली तर उपचार. उपाशीपोटी यायची गरज नाही. आणि कृपा करून गरोदरपणात ‘डाएट’ करू नका. वजन घटवायची ही वेळ नव्हे, वाढीला आवर घालायची आहे.

किती वाढावं? ठीक वजनाच्या बाईने 10 ते 12 किलो, बारीक असेल तर त्याहून थोडं जास्त, लठ्ठ असेल तर 5 ते 9 पुरे. पहिल्या तीन महिन्यांत किलो-दोन किलो. उलट्यांमुळे थोडं उतरलं तरी चालतं. नंतर आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास, लठ्ठ बाईला त्याच्या निम्मं. मात्र एकाच आठवड्यात किलोभर वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर जेवण चांगलं चाललंय म्हणून खूश होऊ नका. त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.

‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ या सल्ल्यात दुसरा जीव फार मोठा धरलेला असतो. प्रत्यक्षात चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे 350 कॅलरी जास्त लागतात: एक भाकरी, वाटीभर आमटी, ग्लासभर दूध, बस्स. उत्तरार्धात प्रथिनं वाढवा. अंडं, मासे, मोड आलेली मटकी, काहीही. सुका जवळा खायचा असेल तर खा, पण रक्तदाब चढलेला असेल तर खारवलेलं सोडा. आपली वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, चविष्ट असतात आणि कौतुकाने घरी येतात. साखर नॉर्मल असेल तर एखादं खा, साखर वाढलेली असेल तर ते पेढ्याइतकंच गोड समजा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची वेगळ्या वेळी.

चालणंही हवं. इथल्या सनसिटीच्या रस्त्यावर संध्याकाळी अर्धा तास, बोलता येईल इतक्या वेगाने. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल तर अर्थात नाही.

वजन घरी मोजत असाल तर एकाच काट्यावर, सकाळी, चपला काढून. दवाखान्यात काटा वेगळा, साडी वेगळी, म्हणून शंभर-दोनशे ग्रॅमसाठी रात्र जागवू नका. खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि वर तुपाची धार सुरू होते. बारीक बाईला ते खाऊ द्या. जिला साखर होती तिच्या ताटात ते रोज वाढू नका, आणि सहा आठवड्यांनी तिची ग्लुकोजची चाचणी पुन्हा करून घ्या. बाळाच्या लसीच्याच दिवशी तिचंही रक्त द्या, म्हणजे वेगळी फेरी पडत नाही.