बांध पाहा, सांडवा मोकळा ठेवा



पनवेलला पाणी देणाऱ्या, गाढी नदीवरील देहरंग धरणात गाळ साचत गेला. गाळाने पाणी घटते. पण बांधाकडे दुर्लक्ष झाले तर माणसे जातात. चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

म्हणून आम्ही सांगतो, आपल्या तलावाच्या मातीच्या बांधावर पावसाळ्यात रोज चक्कर मारा. झाडे वाढू देऊ नका. कुजलेल्या मुळांतून पाणी वाट काढते. घुशी-खेकड्यांची बिळे दिसली की कळवा. सांडव्यात काही आडवे घालू नका. पायथ्याचा पाझर गढूळ झाला, की बांधाची माती वाहतेय समजा. तो चिखलाने बुजवू नका, आत दाब वाढतो. तहसील कचेरीला लगेच कळवा आणि खालची वस्ती आधी हलवा.