घोड्याची शाळा

मुलांनो, डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ साली नाशिक येथे भोसला मिलिटरी स्कूल स्थापन केले. तेथे विद्यार्थ्यांना अश्वारोहण शिकवितात. परंतु स्वाराआधी घोड्यालाही शिकावे लागते, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

चाबूकस्वार मधोमध उभा राहून लांब दोरीने घोड्यास आपल्याभोवती रिंगणात फिरवितो. वाटेत जमिनीवर प्रथम एकच वासा आडवा ठेवलेला असतो. घोडा मान खाली घालून तो निरखतो आणि पाय उंच उचलून ओलांडतो. भीती मोडली, म्हणजे तीन-चार वासे मांडतात. दुडक्या चालीसाठी दोन वाशांत सुमारे सव्वा मीटर अंतर असते. लहान घोड्यास त्याहून कमी. अंतर चुकले, तर घोडा अडखळतो व पुढे वाशाला बिचकतो. अशा वेळी शहाणा चाबूकस्वार चाबूक उगारीत नाही, वासा सरकवितो.

आलटून पालटून दोन्ही दिशांनी फिरविल्याने दोन्ही अंगांचे स्नायू सारखे बळकट होतात. असा पाऊल पाहून टाकणारा घोडा असला, म्हणजे नवशिका स्वारही निर्धास्त बसतो.

शब्दार्थ : चाबूकस्वार – घोड्यांना चाल शिकविणारा. बिचकणे – दचकून मागे सरणे.

स्वाध्याय : घोडा अडखळला, तर चूक कोणाची? कारण सांगा.